चकती शाबूत, खेळ बंद

२००० सालाच्या आसपासच्या अनेक संगणक-खेळांच्या सीडींवर नकलेला आळा घालण्यासाठी 'सेफडिस्क' नावाचे कुलूप असे. ते उघडणारी फाईल सुरक्षेला धोका म्हणून २०१५च्या विंडोज १०मधून वगळली गेली. निर्णय रास्तच, परंतु त्यामुळे सीडी विकत घेणारा दाराबाहेर राहिला, आणि कुलूप तोडलेली चोरटी प्रत मात्र पुष्कळदा सुखाने चालते! आमच्या धाराशिवकडे निजामकाळातले उर्दू दस्तऐवज काही घरांत अजून आहेत. ती लिपी शिकली की ते वाचता येतात. कोणाची परवानगी लागत नाही. खेळही संहिताच आहे, असे वर्गात सांगणाऱ्या आम्हां मंडळींना ही परवानगीची अट खटकायला हवी. विक्री थांबवताना प्रकाशकाने कुलूपही काढून द्यावे, एवढेच मागणे आहे.