जुन्या होडीला न्याय कोणत्या घड्याळाने?

पाली (जि. बीड) : बीड शहराजवळच्या पाली गावाशी बिंदुसरा नदीवरचा तलाव पावसाळ्यात भरला आणि सांडव्यावरून पाणी वाहू लागले, की बघ्यांची गर्दी लोटते. एरवी येथे चर्चा असते ती पाणी किती उरले याची. शिडाच्या होड्यांच्या शर्यती या तलावात होत नाहीत. तरीही त्या शर्यतींतल्या एका जुन्या वादाशी पालीसारख्या गावांचा संबंध आहे. वीस-तीस वर्षांची जुनी होडी आणि नवी कोरी होडी एकाच शर्यतीत उतरली, तर जुनीला किती सवलत द्यावी आणि ती कशाच्या आधारावर, असा हा वाद आहे.

समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्यांनी याचा विचार का करावा, याचे उत्तर भोपाळने दिले आहे. मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्यातल्या शेतकरी कुटुंबातील नेहा ठाकूर हिने सप्टेंबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत मुलींच्या आयएलसीए-४ प्रकारात रौप्यपदक मिळविले. ती शीड हाकायला शिकली ती भोपाळच्या मोठ्या तलावावर. म्हणजे या खेळाला समुद्र लागतोच असे नाही. लागते ती होडी, आणि तीच महाग असते. लहान गावातल्या तलावावर हा खेळ कधी आलाच, तर तो शहरातल्या क्लबांनी वापरून बाजूला ठेवलेल्या होड्यांतूनच येईल, हे उघड आहे. अशा होडीतून उतरणारे मूल कितीही चांगले हाकत असले तरी प्रत्येक रविवारी शेवटीच येणार असेल, तर ते तिसऱ्या रविवारी येणार नाही. सवलतीच्या गणिताचे महत्त्व इथे आहे.

महाराष्ट्रात या खेळाची परंपरा जुनी आहे. रॉयल बॉम्बे यॉट क्लबची स्थापना १८४६ सालची. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेतील शिडाच्या होड्यांच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या आणि फारोख तारापोर व झरीर करंजिया यांनी फायरबॉल प्रकारात सुवर्णपदक जिंकले. एंटरप्राइज प्रकारात जीजी उनवाला व फली उनवाला यांनी रौप्यपदक मिळविले. त्या यशामुळे परिचित झालेले हे दोन्ही प्रकार आज आशियाई स्पर्धेत नाहीत. जॅक होल्ट यांनी १९५६ मध्ये आखलेली, निळ्या शिडांची एंटरप्राइज ही दोघांनी हाकायची होडी. प्लायवूडमध्ये बांधता येणारी, दुरुस्तीला सोपी, नवशिक्याला सांभाळून घेणारी. पण पदकाचा प्रकार बदलला, की सरकारी पैसा, प्रशिक्षक आणि खेळाडू नव्या होडीकडे वळतात. जुन्या होड्या शेडमध्ये जातात. एका प्रकारच्या दहा-बारा होड्या असतील तर त्यांची आपापसात शर्यत लावता येते. दोन-तीनच उरल्या, की त्यांना इतरांबरोबर उतरविण्यावाचून पर्याय नसतो. तेव्हा सवलतीचा प्रश्न उभा राहतो.

‘हँडिकॅप’ हा शब्द पुण्या-मुंबईच्या वाचकाला घोड्यांच्या शर्यतीमुळे ठाऊक आहे. तेथे चांगल्या घोड्यावर जास्त वजन लादून अंतर कमी करतात. मराठवाड्यातल्या शंकरपटात निराळी पद्धत आहे : बैलाचे दात पाहून गट पाडले जातात, आदत खोंडाची गाठ पूर्ण वाढलेल्या बैलाशी घातली जात नाही. होड्यांच्या शर्यतीत वजनही लादत नाहीत आणि होड्या थोड्या असल्याने गट पाडणेही परवडत नाही. तेथे घड्याळ दुरुस्त करतात.

ब्रिटनमध्ये झिलवूड मिलेज यांनी १९४७ मध्ये मांडलेली ही पद्धत ‘पोर्ट्समथ यार्डस्टिक’ नावाने प्रसिद्ध आहे. तेथील रॉयल यॉटिंग असोसिएशन क्लबांकडून निकाल गोळा करून प्रत्येक प्रकाराला एक आकडा देते. होडी जितकी संथ तितका आकडा मोठा. फायरबॉलचा आकडा सुमारे ९५५, एंटरप्राइजचा सुमारे ११२०. होडीला लागलेल्या वेळेला हजाराने गुणून या आकड्याने भागायचे, की दुरुस्त वेळ मिळते. समजा, फायरबॉलने ५४ मिनिटांत शर्यत संपविली आणि एंटरप्राइजला ६२ मिनिटे लागली. डोळ्यांना दिसते ते फायरबॉल आठ मिनिटांनी पुढे असल्याचे. दुरुस्त वेळ मात्र फायरबॉलची ३३९३ सेकंद आणि एंटरप्राइजची ३३२१ सेकंद येते. एंटरप्राइज ७२ सेकंदांनी जिंकली.

येथवर कोणाची तक्रार नाही. तक्रार पुढे आहे. हा आकडा होडीच्या प्रकाराला मिळतो, एकेका होडीला नव्हे. गेल्या वर्षी साच्यातून निघालेल्या एंटरप्राइजला ११२० आणि चाळीस वर्षे पावसात उभी राहिलेल्या एंटरप्राइजलाही ११२०. लाकूड पाणी पिऊन जड होते. फायबरग्लासचा सांगाडा वर्षानुवर्षे लाटा खाऊन मऊ पडतो आणि वाऱ्याचा जोर वेगात उतरण्याऐवजी होडी वाकविण्यात खर्ची पडतो. शीड ताणले जाऊन पोटाशी फुगते. शिवाय आकडा टिकतो तो निकालांच्या भरवशावर. ज्या प्रकाराच्या होड्या कमी झाल्या, त्यांचे निकालही कमी येतात, आणि आकडा जुन्या माहितीवर अडकून पडतो.

मग वय पाहून सवलत द्यावी काय? ही मागणी वरवर रास्त वाटते. पण ती जशीच्या तशी मान्य करणे घातक ठरेल. होडी संथ होण्याची कारणे दोन असतात. एक आराखड्याचे : तिचा घाटच जुन्या काळचा आहे. दुसरे निगेचे : मालकाने तिला झाकले नाही, वाळविले नाही, शीड बदलले नाही. पहिल्या कारणासाठी सवलत हवीच. मर्लिन रॉकेट किंवा नॅशनल ट्वेल्व्ह यांसारख्या ज्या प्रकारांत नियमांच्या चौकटीत राहून आराखडा बदलण्यास मुभा आहे, त्यांत साठ वर्षांपूर्वीची होडी मुळातच आजच्यापेक्षा वेगळी असते. तिला आजचा आकडा लावणे अन्यायाचे आहे. एंटरप्राइजसारख्या प्रकारात मात्र सगळ्या होड्यांचा घाट एकच आणि किमान वजनही ठरलेले. तेथे नीट जपलेली जुनी होडी नवीच्या फार मागे नसते. अशा ठिकाणी केवळ नोंदणीचे साल पाहून सूट दिली, तर होडी जपणाऱ्याने काय करावे? त्याची मेहनत त्याच्याच विरोधात जाईल. निष्काळजीपणाला बक्षीस देणारा नियम कोणत्याही क्लबला परवडणारा नाही.

यावर साधा तोडगा वजनकाट्याचा आहे. हंगामाच्या आधी होडी कोरडी करून तोलावी. कोरडी करूनही ती ठरलेल्या वजनापेक्षा बरीच जड भरली, तर लाकडात मुरलेले ते ओझे मालकाला सहजी काढता येत नाही. त्यासाठी आकड्यात थोडी वाढ द्यावी. शिडासाठी देऊ नये, कारण ते बदलता येते. आणि वाढ किती? एक टक्का म्हटले तरी ११२० चे ११३१ होतात आणि तासाभराच्या शर्यतीत होडीला अर्ध्या मिनिटाचा लाभ मिळतो. चुरशीच्या शर्यतीत अर्धे मिनिट थोडे नसते. पाच टक्के वगैरे उदार आकडे सुचविणाऱ्यांनी हे गणित एकदा कागदावर मांडून पाहावे.

दुसरा मुद्दा वाऱ्याचा. एकच आकडा हलक्या आणि जोराच्या वाऱ्यात सारखा न्याय करू शकत नाही. वारा वाढला, की फायरबॉलसारखी सपाट बुडाची होडी पाण्यावर उचलली जाऊन घसरत सुटते. जुनी, जड होडी पाणी कापतच राहते. अमेरिकेतील पोर्ट्समथ आकड्यांत यासाठी वाऱ्याच्या जोरानुसार वेगवेगळे आकडे दिलेले आढळतात. ब्रिटिश आकड्यांच्या मागे आहेत ती ब्रिटिश तळ्यांवरची आणि खाड्यांमधली वर्षे. मुंबई बंदरातील दुपारचा खारा वारा व भरती-ओहोटी निराळी, डोंगरांनी वेढलेल्या खडकवासल्यातील फिरता वारा निराळा. खुद्द ब्रिटनमध्ये क्लबांनी आपल्या निकालांवरून आकडे दुरुस्त करावेत, असे सांगितले जाते. आपल्याकडेही क्लबांनी छापील आकडे जसेच्या तसे न वापरता दोन-तीन हंगामांचे निकाल वाऱ्याच्या नोंदीसह जपले, तर जुन्या होड्यांविषयीचा निम्मा वाद मिटेल. त्यासाठी खर्च नाही, एक वही आणि चिकाटी पुरते.

हाकणाऱ्याचा मागचा निकाल पाहून त्याला व्यक्तिगत सवलत देण्याची प्रथाही काही ठिकाणी आहे. करमणुकीच्या चषकाला ती शोभते. पण त्यातून होडी मोजली जाते की माणूस, हेच कळेनासे होते. मुख्य शर्यतीत तिला स्थान नसावे.

सवलतीच्या शर्यतीवरचा सर्वांत रास्त आक्षेप खेळाडूंचा नसून काठावरच्या प्रेक्षकांचा आहे. पहिली आलेली होडी हरली, असे अर्ध्या तासाने कागद पाहून सांगितले जाते आणि टाळ्या वाजवायच्या कोणासाठी, हे कोणालाच उमगत नाही. बंधाऱ्यावर उभ्या असलेल्या गावाला असा खेळ आवडणार नाही. याला उत्तर आहे पाठलागाची शर्यत. तीत सवलत शेवटी न देता आधी देतात. संथ होडी आधी सुटते, वेगवान मागाहून; वेळ संपताना जी पुढे ती जिंकली. इंग्लंडमध्ये ‘ब्लडी मेरी’ ही हिवाळ्यातील मोठी शर्यत याच पद्धतीने होते.

पालीसारख्या लहान तलावावर कधी असा प्रयोग करायचा झाला, तर पूर्वतयारी फारशी नाही. लहान मुलांच्या ऑप्टिमिस्ट होडीचा आकडा सुमारे १६४०. शर्यत तासाची धरली, तर ऑप्टिमिस्ट सुटल्यावर १९ मिनिटांनी एंटरप्राइज आणि २५ मिनिटांनी फायरबॉल सोडायची. एंटरप्राइज जुनी असेल आणि काट्यावर जड भरली असेल, तर त्या एक टक्का वाढीने ती आणखी सुमारे २४ सेकंद आधी निघेल. हे सारे वेळापत्रक आदल्या दिवशी फळ्यावर लिहून ठेवता येते, आणि ज्याला ते मान्य नाही त्याला शर्यतीआधीच बोलता येते.