दारूगोळ्याची कीर्द

मा. अध्यक्ष तथा व्यवस्थापकीय संचालक,
म्युनिशन्स इंडिया लिमिटेड, पुणे, यांस



पनवेल हे एके काळी खाडीवरचे बंदर आणि घाटावर जाणाऱ्या मालाचे नाके असल्यामुळे, ज्या मालाच्या आवक-जावकीची नोंद नाही तो माल संशयास पात्र होतो, ही व्यवहारनीती आम्हा पनवेलकरांस कोणी शिकवावी लागत नाही. एवढ्याच अधिकारावर हा अर्ज आहे.

१ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळाच्या ४१ कारखान्यांची सात कंपन्यांत वाटणी झाली, तेव्हा १८६९ पासून चालत आलेली खडकीची अ‍ॅम्युनिशन फॅक्टरी आपल्या ताब्यात आली. तिजबरोबर दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील जे दफ्तर शिल्लक असेल, ते रद्दीत न घालता अभ्यासकांस खुले करावे, अशी माझी विनंती आहे.

अशा दफ्तराचे मोल काय, ते दुसरीकडच्या खटल्यांतून दिसते. योगायोग असा, की १ ऑक्टोबर याच तारखेस, १९४६ साली, न्युरेंबर्गच्या न्यायासनाने जर्मन पुढाऱ्यांस शिक्षा सुनावल्या. ह्याल्मार शाख्ट यांनी 'मेफो' या केवळ नावापुरत्या कंपनीच्या हुंड्यांवर शस्त्रास्त्रांसाठी सुमारे १२ अब्ज मार्क उभे केले होते, आणि ही करामत पाहून आपल्या पेठेतले मुरलेले सावकारही चाट पडले असते. परंतु शस्त्रसज्जता हा स्वतः गुन्हा नव्हे, असे म्हणून न्यायासनाने त्यांस निर्दोष सोडले. शस्त्रास्त्रमंत्री अल्बर्ट श्पेअर यांजवरही तोफा ओतल्याचा दोष ठेवला नाही. त्यांस २० वर्षांच्या कारावासात लोटले ते वेठीच्या मजुरांनी, आणि त्याची साक्ष दिली ती मध्यवर्ती नियोजन मंडळाच्या इतिवृत्तांनी, ज्यांत किती माणसे हवीत याची मागणी कोळसा-पोलादाच्याच कोरडेपणाने टिपलेली होती. ती माणसे पुरविणारे झाउकेल फासावर गेले. तात्पर्य, या तिघांत तोफांचा रकाना कोणास भोवला नाही, मजुरांचा भोवला.

टोकियोत १९४५ च्या ऑगस्टमध्ये कागदांच्या होळ्या पेटल्या होत्या. तरीही जे उरले त्यात १९३७ ची युद्धोद्योगांची पंचवार्षिक योजना होती, आणि टोकियोच्या युद्धगुन्हे न्यायासनाने बहुमताने तिला आक्रमणाच्या कटाचा पुरावा मानले. जपानचे अर्थमंत्री काया व तेथील नियोजन मंडळाचे होशिनो यांस जन्मठेप झाली. त्याच न्यायासनावरील आपले न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांनी मात्र कट सिद्ध झालाच नाही असे भिन्न मत नोंदविले. मला त्यांचे सगळेच प्रतिपादन पटत नाही. पण त्यांच्याशी वाद घालायचा तरी कागद हवेतच.

म्हणून दुसरी विनंती. आपला माल आज परदेशीही जातो. तो कोणाच्या हाती पडणार याचे प्रमाणपत्र आणि तो कोणत्या मजुरांनी, कोणत्या रोजावर बनविला याचे हजेरीपट, ही दोन्ही दफ्तरे मुदत संपली म्हणून नष्ट करू नयेत. प्रामाणिक कारखानदारास कीर्दीचे भय नसते. शाख्ट यांच्या सुटकेनंतर तर ते असण्याचे कारणच उरत नाही.

जुने दफ्तर पाहण्याची परवानगी मिळाल्यास मी स्वखर्चाने खडकीस येईन, आणि वाळवी झटकण्याचे कामही आनंदाने करीन.

कळावे,
आपला नम्र,
एक पनवेलकर