बहिणीचा अंगठा कोणी उठविला?

बाप वारतो, पुण्यानुमोदनास भाऊ त्रिसरण-पंचशील म्हणतो, आणि महिना लोटण्याआधी तलाठ्याच्या दप्तरी बहिणीच्या नावचे हक्कसोडपत्र दाखल होते. त्यावरील अंगठा तिचा नसतो! माहूरच्या डोंगराळ मुलखात दोन-चार एकर कोरडवाहूसाठी आमच्या वस्त्यांतही हे घडावे, याची आम्हांस शरम वाटते. अदिन्नादाना आणि मुसावादा ही दोन्ही शिले एकाच कागदावर मोडणारा हा कसला उपासक?

वर मखलाशी अशी की, “आपण बौद्ध झालो, हिंदू कायदा आपणांस लागू नाही.” साफ खोटे! 1956 चा वारसा कायदा बौद्धांस स्पष्ट शब्दांत लागू आहे. बापाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत त्याने मुलीस मुलाइतका वाटा दिला. 2005 च्या दुरुस्तीने वडिलार्जित एकत्र मिळकतीतही दिला. हिंदू कोड बिल रखडविले गेले, हे बाबासाहेबांच्या 1951 च्या राजीनाम्याचे एक कारण होते. त्यांच्याच अनुयायाने ते फळ बहिणीच्या हातून हिसकावावे काय?

भगिनींनो, साडीचोळीवर बोळवण करून घेऊ नका. जमिनीचे हक्कसोडपत्र नोंदणीवाचून टिकत नाही. नुसत्या फेरफाराने मालकी जात नाही. लेखी हरकत घ्या, अस्सल कागद मागवा, अंगठा तज्ज्ञाकडून तपासवा. अशा बनावट दस्तास 10 वर्षांपर्यंत कैद, प्रसंगी जन्मठेपही आहे.