रेडिएटरचा जमाखर्च

रत्नागिरीत ऐन थंडीतही पाणी गोठत नाही. मग मोटारीच्या रेडिएटरमध्ये महागडा कूलंट कशाला, विहिरीचे पाणी का नको, असा प्रश्न अनेक व्यापारी घरांत विचारला जातो. व्यवहारी मनाला तो पटण्यासारखाही आहे. परंतु कूलंट केवळ बर्फासाठी नसतो. मे महिन्याच्या उन्हात माणसे आणि सामान भरलेली गाडी पाली, साखरपा मागे टाकून आंबा घाट चढू लागते, तेव्हा त्याची खरी कसोटी लागते. साधे पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. इथिलीन ग्लायकॉल आणि पाणी यांचे समप्रमाणातील मिश्रण सुमारे १०७ अंशांपर्यंत टिकते आणि झाकणाने राखलेल्या दाबाखाली त्याहून वीसेक अंश अधिक. शिवाय त्यातील गंजरोधक द्रव्ये इंजिनातील धातू सांभाळतात. विहिरीच्या पाण्यातील क्षार मात्र रेडिएटरच्या बारीक नळ्यांत थर धरतात.

या गंजरोधक द्रव्यांनाही यंत्राप्रमाणे घसारा असतो. जुन्या पद्धतीचा कूलंट दोन-तीन वर्षांत निस्तेज होतो. दीर्घायुषी प्रकार पाच वर्षे किंवा अधिक काळ टिकतात. नेमकी मुदत आणि प्रकार गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. बाटलीतील रंगावरून प्रकार ठरवू नये आणि दोन प्रकार एकत्र करू नयेत.

कूलंट घरी बदलणे अवघड नाही. घाई मात्र चालत नाही. गाडी रात्रभर उभी राहून इंजिन पूर्ण थंड झाले पाहिजे आणि किल्ली काढलेली असावी. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडताच दाब एकदम सुटतो, उकळता द्रव तोंडावर उसळतो आणि हात-चेहरा भाजून निघतो. घाटात गाडी तापली तरी हाच नियम लागू: थांबावे, वाट पाहावी.

सपाट जागी पसरट भांडे ठेवून रेडिएटरखालचा बूच उघडावा. निघालेला द्रव मापून कॅनमध्ये भरावा व आकडा लिहून ठेवावा. मग बूच लावून डिस्टिल्ड पाणी भरावे, झाकण बसवावे आणि हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन सुरू करावे. वरचा रबरी पाइप गरम झाला, म्हणजे थर्मोस्टॅट उघडून पाणी सर्वत्र फिरू लागले. गाडी बंद करून पुन्हा पूर्ण थंड होऊ द्यावी आणि पाणी काढावे. ते स्वच्छ येईपर्यंत हीच कृती करावी.

येथे एक हिशेब चुकतो. बूच उघडला तरी बरेचसे पाणी इंजिनातच राहते. त्यावर तयार मिश्रण ओतल्यास ते पातळ होते. म्हणून शुद्ध कूलंट घ्यावा. एकूण क्षमता ५ लिटर आणि निघालेले पाणी ३ लिटर असेल, तर आधी अडीच लिटर कूलंट, मग अर्धा लिटर डिस्टिल्ड पाणी. जितके निघाले तितके आत गेले नाही, तर कोठेतरी हवा अडकली आहे असे समजावे. इंजिन तापूनही हीटरमधून गार वारा येणे ही त्याचीच खूण. पुढील काही दिवस सकाळी, इंजिन थंड असताना पातळी पाहावी.

आता खर्चाची बाजू. कॅनमधील जुन्या द्रवाचे काय? बहुधा तो गटारात किंवा कुंपणाबाहेर ओतला जातो. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते, म्हणून कुत्री-मांजरे ते चाटतात. शरीरात त्याचे स्फटिक होऊन मूत्रपिंडे निकामी होतात; मांजराचा जीव जाण्यास चमचाभर पुरतो. मुलांनाही धोका तितकाच. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले. त्यातील डायइथिलीन ग्लायकॉल याच कुळातले. कोकणातला जांभा सच्छिद्र. अंगणात ओतलेले खाली विहिरीच्या दिशेने झिरपते.

म्हणून बूच उघडण्यापूर्वीच विचारून घ्यावे: जुना कूलंट कोणते सर्व्हिस सेंटर स्वीकारील? धुतलेले पाणीही त्याच कॅनमध्ये जाते. कॅनवर ठळक 'विष' लिहावे, पाण्याच्या बाटलीत तो कधीही भरू नये, सांडलेला थेंब लगेच पुसून घ्यावा. घेणारे कोणी नसेल, तर हे काम घरी करू नये. विल्हेवाटीची सोय असलेल्या कार्यशाळेत मजुरी मोजावी. वाचलेले चारशे-पाचशे रुपये एखाद्या मुक्या जिवाच्या नावे खर्ची पडत असतील, तर ती बचत नव्हे.

पिण्याचे पाणी गाळून घेताना गाळणीतले जीवही जपून परत सोडणाऱ्या घरांना हे वेगळे सांगावयास नको. तोच नेम अंगणातल्या गाडीपर्यंत नेला, की जमाखर्च जुळला.