आधी उंबरा काढा

म्हातारपणासाठी वेगळी घरं बांधायची म्हटलं की मोहोळसारख्या तालुक्याच्या गावात पहिला आक्षेप ठरलेला: हे पुण्या-मुंबईचं खूळ, आपल्याकडं आईबाप घरातच असतात.

असतात, खरंय. पण त्यांच्यासोबत कोण असतं? पोरगं चाकणला नाहीतर हिंजवडीला, सून तिकडंच नोकरीला, नातवंडं दिवाळीपुरती. म्हाताऱ्यांना कुणी बाहेर काढलं नाही, त्यांच्याभोवतीचं घरच रिकामं झालं. आणि सगळं आलबेल असतं, तर 2007 साली आईवडिलांच्या निर्वाहासाठी कायदा करावा लागला नसता, की पोटच्या पोरांविरुद्ध अर्ज घेऊन प्रांतांपुढं उभं राहायची पाळी कुणावर आली नसती.

बरं, हे ‘आपलं घर’ तरी म्हातारपणाला कितपत मानवतं? जुनं माळवदाचं घर डोळ्यांपुढं आणा. जोत्यावर चढायला दगडी पायऱ्या, धरायला काही नाही. दाराला वीतभर उंबरा. मागं न्हाणी, तिथली शहाबादी फरशी साबणाच्या पाण्यानं बुळबुळीत. संडास परसात. गुडघे गेलेल्या बाईनं ही वाट रात्री-अपरात्री करायची आणि खुब्याचं हाड मोडलं की सोलापूर गाठायचं. संस्कृतीच्या गप्पा ओसरीवर चालतात. म्हातारं माणूस पडतं ते न्हाणीत.

म्हणून बिल्डर आणील तो प्रकल्प डोळे झाकून घ्यावा, असंही नाही. महामार्गालगत, गजबजाटापासून दूर, निसर्गाच्या कुशीत, ही जाहिरातीची भाषा पुण्याच्या आसपास आता जुनी झाली. उद्या मोहोळच्या शिवारात रान बिगरशेती करून कुणी तीच भाषा बोलला, तर त्याला विचारावं: जन्मभर बाजारात चार माणसांशी बोलल्याशिवाय ज्याचा दिवस गेला नाही, त्याला निवांतपणाच हवा, हे कुणी ठरवलं? त्याला औषधाचं दुकान हवं, बँक हवी, नागनाथाचं देऊळ आणि पारावरची मंडळी हवीत. त्यासाठी काठी टेकत पुणे-सोलापूर महामार्ग ओलांडावा लागणार असेल, तर ती वसाहत कसली, नजरकैदच.

‘आता रेराचे नियम आहेत की,’ असं कुणी म्हणेल. आहेत, आणि चांगले आहेत. ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी महारेरानं, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणानं, 2024 मध्ये नियमावली काढली. एकापेक्षा जास्त मजले असतील तर लिफ्ट, दारं किमान 900 मिलिमीटर रुंद, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडे, न्हाणीघरात आधाराच्या दांड्या आणि न घसरणारी फरशी, असं तिच्यात आहे. पण 500 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरच्या किंवा आठ सदनिकांपर्यंतच्या प्रकल्पाला मुळात रेराची नोंदणीच लागत नाही, आणि तालुक्याच्या गावातली बांधकामं बहुधा त्याच मापाची. शिवाय दांडी बसवली म्हणजे रात्री दोनला हाक मारल्यावर कुणी येईल, असं होत नाही.

आणखी एक आक्षेप पैशाचा, आणि तो मात्र खोडता येत नाही. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला 1500 रुपये ज्याचा आधार आहे, त्यानं सदनिकेची किंमत कुठून भरायची? त्याच 2007 च्या कायद्याच्या कलम 19 मध्ये जिल्ह्यात किमान 150 निराधार ज्येष्ठांची सोय होईल अशा वृद्धाश्रमाची तरतूद आहे. ती हवीच. पण मोहोळच्या म्हाताऱ्याला जिल्ह्याच्या कुठल्याशा टोकाला नेऊन ठेवलं, तर छप्पर मिळेल, गाव सुटेल.

तेव्हा मागणी साधी आहे. ज्येष्ठांसाठी म्हणून घरं बांधणाऱ्याला, मग ती चारच का असेनात, नगरपरिषदेनं महारेराच्या या अटी घालाव्यात. घरं गावात, तळमजल्यावर असावीत आणि काही तरी भाड्यानं मिळावीत. रात्री हाकेला कोण येणार, हे करारात लिहून घ्यावं. ज्यांना आपलंच घर सोडायचं नाही, त्यांच्या न्हाणीत दांडी बसवायला आणि उंबरा काढायला मदत द्यावी. सगळ्यांत कमी खर्चाचं काम हेच आहे.

आणि कुठल्याही प्रकल्पाच्या नकाशावर सही होण्याआधी नगरसेवकांनी एक दिवस गाड्या घरी ठेवाव्यात. त्या जागेवरून औषधाच्या दुकानापर्यंत म्हाताऱ्या माणसाच्या चालीनं, त्याला सोबत घेऊन जाऊन यावं. तो वाटेत दमून बसला, तर जागा नामंजूर.