रिसेप्शनचा डीजे: आवाजाची कळ कोणाच्या हाती?

हल्ली लग्न ठरले की कार्यालय, केटरर आणि फोटोग्राफर यांच्यापाठोपाठ चौथे नाव येते ते डीजेचे. शालूसाठी दहा दुकाने पालथी घालणारी, जिलेबी की गुलाबजाम यावर दोन-दोन दिवस खल करणारी मंडळी डीजे मात्र एका फोनवर ठरवून मोकळी होतात. ‘‘गाणीच तर वाजवायची आहेत, त्यात काय पाहायचे?’’ असा एकूण सूर असतो. पण रिसेप्शनच्या त्या तीन-चार तासांत पाहुण्यांनी एकमेकांची विचारपूस करायची की नुसती तोंडे हलवायची, आजी-आजोबांनी थांबायचे की ताट न घेताच खोलीवर परतायचे, घरातल्या मुलींनी मोकळेपणाने नाचायचे की भिंतीला टेकून उभे राहायचे, हे सारे कन्सोलमागे उभा असलेला एक तरुण ठरवत असतो. त्याला निवडताना थोडा विचार करायला काय हरकत आहे?

चंडीगढमध्ये रिसेप्शन असेल तर हा विचार जरा जास्तच करावा लागतो. चंडीमंदिरला सैन्याच्या पश्चिम कमांडचे मुख्यालय आहे, शहरात पीजीआयसारखे मोठे रुग्णालय आहे, बँका आणि सरकारी कचेऱ्या आहेत. त्यामुळे नोकरीच्या निमित्ताने तिकडे गेलेली मराठी कुटुंबे आहेत आणि त्यांच्या मुलामुलींची लग्ने पंजाबी घरांत होणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. विहीणबाई हौशी असतात, व्याही दिलदार असतात, सगळे छान असते. खटका उडतो तो घड्याळावरून आणि आवाजावरून.

आपल्याकडे पत्रिकेत सायंकाळी सात लिहिले असेल तर साडेसातला लोक आहेराचे पाकीट घेऊन स्टेजसमोर रांगेत उभे असतात आणि साडेनऊला बडीशेप खाऊन घरी निघतात. पंजाबी रिसेप्शनला खरी रंगत नवानंतर येते. स्नॅक्स फिरत असतात, गप्पा रंगतात, डीजेच्या फ्लोअरवर पावले पडू लागतात आणि जेवणाचे नाव अकराच्या आधी कोणी काढत नाही. दोन्ही पद्धती आपापल्या जागी ठीकच आहेत. पण एकाच लॉनवर त्या एकत्र आल्या की मधल्या काळात काय वाजणार आणि किती मोठ्याने, हे आधी ठरवलेले असावे लागते.

आमच्या परिचयातील नाशिकच्या एका कुटुंबाने मुलीचे रिसेप्शन झिरकपूरच्या एका पॅलेसमध्ये ठेवले होते. मुलीच्या मावस आणि मामेबहिणींनी महिनाभर खपून एक नाच बसवला होता. नाशिकची चाळीस माणसे साडेसातपासून तयार होऊन बसलेली. तोवर डीजे कुठल्या तरी गाण्यांवर साउंड तपासत होता. नऊ वाजता मुलाचे मित्र आले, त्यांनी फ्लोअरचा ताबा घेतला. ‘‘बस, पाच मिनिटे’’ असे म्हणत डीजेने मुलींना पाऊण तास ताटकळत ठेवले. दहाच्या सुमारास पॅलेसचा मॅनेजर धावत आला आणि लॉनवरचा आवाज बंद झाला. मुलींचा नाच राहिला तो राहिलाच. डीजेचे पैसे मात्र मुलीच्या वडिलांनी दिले होते. खर्च मुलीकडचा आणि हुकूम मुलाच्या मित्रांचा, असा प्रकार एरवीही बऱ्याच ठिकाणी दिसतो.

दहाचा काटा

दहा वाजता आवाज बंद करण्यात मॅनेजरचा काही आडमुठेपणा नव्हता. ध्वनिप्रदूषणाविषयीचे २००० सालचे केंद्रीय नियम देशभर लागू आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिक्षेपक लावायला त्यात मनाई आहे. अपवाद आहे तो बंदिस्त सभागृहांचा, तोही आतल्या माणसांपुरत्या आवाजाचा. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ मधील निकालात हेच बजावले. वर्षातले काही मोजके दिवस राज्य सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकते, पण ती सण-उत्सवांसाठी. तुमच्या मुलीचे लग्न हा तुमच्यापुरता कितीही मोठा सण असला तरी त्या यादीत बसत नाही. जुलै २०१९ मध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने एक पाऊल पुढे टाकून लेखी परवानगीशिवाय दिवसासुद्धा ध्वनिक्षेपक लावू नये असा आदेश दिला.

म्हणून डीजे ठरवण्याआधी जागा उघडी की बंद, हे पाहा. लॉन असेल तर दहापर्यंतचाच कार्यक्रम आखा. थंडीच्या दिवसांत, म्हणजे चंडीगढच्या ऐन लग्नसराईत, रात्री धुके आणि गारठा असतोच. दहानंतर मंडळींना आतल्या हॉलमध्ये नेणे तब्येतीलाही बरे. मात्र तशी सोय असेल तर डीजेला दुसरा छोटा सेट आत लावून ठेवायला आधीच सांगावे लागते. ऐनवेळी वायरी ओढत बसायला कोणाला वेळ नसतो.

परवानगी कोणाकडून घ्यायची, यातही एक गंमत आहे. बोलताना आपण सगळ्यालाच चंडीगढ म्हणतो, पण चंडीगढ हा केंद्रशासित प्रदेश, शेजारचे झिरकपूर पंजाबातल्या मोहाली जिल्ह्यात आणि पंचकुला हरियाणात. गाडीने थोडे अंतर गेलात की प्रशासन बदलते. तेव्हा ‘परवानगी आहे हो’ या तोंडी आश्वासनावर न विसंबता कागद कोणत्या कार्यालयाचा आहे आणि त्यावर तारीख व वेळ काय लिहिली आहे, हे डोळ्यांनी पाहावे.

ऐकल्याशिवाय ठरवू नका

डीजेच्या जाहिरातीत वॉटचे आकडे असतात, बेस किती आणि टॉप किती याची यादी असते, धूर सोडणारे यंत्र, एलईडीचा फ्लोअर, फिरते दिवे, सगळे असते. गाण्याची जाण आहे का, हे मात्र त्या यादीत दिसत नाही. ते पाहायचे असेल तर त्याच्या एखाद्या कार्यक्रमात दहा मिनिटे मागे उभे राहावे. मोबाइलवर पाठवलेला व्हिडिओ पुरेसा नाही, कारण त्यात नाचणारेच दिसतात, उठून गेलेले दिसत नाहीत. कार्यक्रमात गेलात तर फ्लोअरपेक्षा जेवणाच्या टेबलांकडे जास्त लक्ष द्या. तिथली माणसे एकमेकांशी बोलू शकतात का? एखाद्या बाईंनी आवाज कमी करायला सांगितले तर डीजे खरोखर कमी करतो की मान डोलावून दोन मिनिटांत पुन्हा वाढवतो? माझ्या मते सगळी परीक्षा या एका गोष्टीत होते.

आवाजाबद्दल बोलताना ‘थोडा कमी ठेवा’ असे मोघम बोलण्यापेक्षा आकड्यात बोललेले बरे. निवासी भागासाठी नियमांतली मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. फ्लोअरवर आवाज याहून कितीतरी अधिक असतो, हे उघड आहे. पण तिथेही जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये संगीताच्या जागांसाठी पंधरा मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबल ही वरची मर्यादा सांगितली आहे. अमेरिकेतील निऑश ही संस्था कामगारांसाठी जो हिशेब मांडते, त्यानुसार ८५ डेसिबल आवाजात आठ तास काढता येतात, पुढे प्रत्येक ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते आणि १०० डेसिबलला ती पंधरा मिनिटांवर येते. आता फ्लोअरच्या कडेला खुर्ची देऊन बसवलेल्या आजोबांचा विचार करा. त्यांच्या कानात यंत्र असेल तर ते आधी कळवळतात, मग यंत्र काढून खिशात ठेवतात आणि उरलेला वेळ काहीच ऐकू येत नाही म्हणून नुसते हसत बसतात. तान्ह्या बाळांना तर बोलताही येत नाही.

यावर उपाय फार खर्चाचा नाही. स्पीकरची तोंडे जेवणाकडे आणि स्टेजकडे नकोत, फ्लोअरकडे हवीत. दोन प्रचंड भिंती उभ्या करण्यापेक्षा फ्लोअरच्या चार कोपऱ्यांत छोटे स्पीकर लावले तर कमी आवाजातही नाचणाऱ्यांना ठेका नीट मिळतो. ज्येष्ठांची टेबले सर्वांत लांब मांडा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. बंद हॉलमध्ये भिंती आवाज परतवतात, म्हणून तिथे तेवढा फरक पडत नाही. मोबाइलवरची आवाजमापक ॲप अगदी अचूक नसतात, पण वाद मिटवायला उपयोगी पडतात. आणि लेझर दिवे नकोत असे स्पष्ट सांगा. जोरदार झोत थेट डोळ्यात गेला तर पडद्याला इजा होते. असल्या हौसेची खरेच गरज नाही.

गाणी कोणाची?

पंजाबी लग्नातले संगीत म्हणजे फक्त डीजे असे आपल्याला वाटते, ते खरे नाही. मुलीच्या घरी ‘सुहाग’ आणि मुलाच्या घरी ‘घोडी’ ही बायकांनी म्हणायची गाणी आहेत, आदल्या रात्री दिव्यांनी सजवलेली घागर डोक्यावर घेऊन मामीने मिरवायची ‘जागो’ आहे, ढोल आहे, टाळ्यांवरचा गिद्धा आहे. डीजेच्या दणदणाटात याच गोष्टी आधी मागे पडतात. तुमच्या विहीणबाईंनाही ते खुपत असते. रिसेप्शनमध्ये वीस मिनिटे डीजे थांबवून ढोलवाल्याला पुढे करा आणि बायकांना बोली म्हणू द्या. मराठी पाहुण्यांना शब्द कळले नाहीत तरी ठेका कळतो. आपल्याकडच्या मामी-मावश्यांनाही तेवढ्यात एखादे कोळीगीत म्हणायला सुचते. २०१६ च्या ‘सैराट’मधले ‘झिंगाट’ तर कोणत्याही डीजेकडे असतेच, पण मराठी गाणी म्हणजे तेवढे एकच नव्हे. आपली दहा-बारा गाणी पेनड्राइव्हवर घालून आठ दिवस आधी डीजेच्या हाती द्या. पॅलेसमध्ये नेटवर्क मिळेलच याचा भरवसा नसतो. आणि कोणते गाणे किती वाजता, हेही लिहून द्या, नाहीतर ती सगळी सव्वासातला, रिकाम्या खुर्च्यांसमोर वाजून जातात.

काय वाजवू नये, याची यादी तितकीच महत्त्वाची. बंदुका, दारू आणि मुलींना उद्देशून केलेली अचकट-विचकट भाषा यांची गाणी तिकडे बरीच आहेत. २०१९ च्या त्याच आदेशात उच्च न्यायालयाने दारू, अमली पदार्थ आणि हिंसा यांचा गौरव करणारी गाणी थेट कार्यक्रमांतही वाजू नयेत, याची जबाबदारी पंजाब, हरियाणा आणि चंडीगढच्या पोलीसप्रमुखांवर टाकली. पंजाब सरकारनेही नोव्हेंबर २०२२ मध्ये बंदुकांचे कौतुक करणाऱ्या गाण्यांवर बंदी जाहीर केली. हे उगाच नव्हते. डिसेंबर २०१६ मध्ये भटिंड्याजवळच्या मौड मंडीत लग्नाच्या मंचावर नाचणारी एक तरुणी पाहुण्यांतून सुटलेल्या गोळीने जागीच मेली. आनंदाच्या भरात हवेत गोळीबार करणे हा २०१९ च्या दुरुस्तीनंतर शस्त्र कायद्याखाली स्वतंत्र गुन्हा आहे. ‘नाच बसवायला मुली आणू का?’ असे डीजेने विचारले तर सरळ नाही म्हणा. पोटासाठी आलेल्या त्या मुलींना चार दारू प्यालेल्यांच्या तावडीत उभे करून आपल्या लेकीचा आनंद साजरा कसा होतो, हे मला तरी समजलेले नाही. आणि घरच्या मुली नाचत असताना फ्लोअरवर कोणी धक्काबुक्की करू लागला तर गाणे बंद करायचे, हेही डीजेला आधीच सांगून ठेवा. गाणे थांबले की सगळ्यांच्या नजरा वळतात आणि तो माणूस आपोआप बाजूला होतो.

बयाणा देण्यापूर्वी

अनेक पॅलेसवाल्यांचा डीजे ठरलेला असतो आणि बाहेरचा आणल्यास ते वेगळे पैसे मागतात. म्हणून पॅलेसचे बुकिंग करतानाच हे विचारा, नंतर हात बांधले जातात. दुसरा पैशांचा मुद्दा गाण्यांच्या परवान्याचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये लग्नाची वरात आणि लग्नाशी निगडित सामाजिक समारंभांना सूट आहे. तरी ही सूट कुठपर्यंत, यावर वाद चालत आले आहेत. ती स्पष्ट करणारी केंद्राची २०१९ ची सूचना पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये रद्द केली. गोवा सरकारचे जानेवारी २०२४ चे परिपत्रकही मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रद्द केले. कायद्यातले कलम मात्र तसेच आहे. तेव्हा कोणी परवान्याचे पैसे मागितले तर ते कोणाच्या नावे, कशासाठी आणि कोणी भरायचे, हे करारात लिहून घ्यावे.

करार म्हणजे स्टॅम्पपेपरच हवा असे नाही, सहीचा एक कागद पुरे. कोण स्वतः येऊन वाजवणार (मोठ्या नावाखाली पोऱ्या पाठवण्याची पद्धत आहे), किती वाजता सुरू आणि किती वाजता बंद, वीज गेल्यास जनरेटर कोणाचा, जादा तासाचा दर किती, एवढे त्यात आले पाहिजे. जादा कॉर्डलेस माइक आणि नव्या बॅटऱ्या जरूर लिहा. वधूचे वडील आभार मानायला उभे राहतात नेमका तेव्हाच माइक मरतो. सगळे पैसे आधी देऊ नका. निम्मे कार्यक्रम झाल्यावर.

आणि त्याच कागदावर एक नाव लिहा. त्या संध्याकाळी डीजेने फक्त याच माणसाचे ऐकायचे. नवरा-नवरी नकोत, त्यांना स्टेजवरून हलता येत नाही. वडील नकोत, त्यांना व्याह्यांचा संकोच असतो. दोन्ही घरांत ज्याचे चालते असा एखादा मामा किंवा हिंदी-पंजाबी बोलणारी आत्या निवडा, व्याह्यांना आधी कल्पना द्या आणि डीजेशी तिची ओळख दुपारी साउंड तपासतानाच करून द्या. मुलाचे मित्र फर्माईश घेऊन आले तर तो त्यांना सांगू शकतो, ‘‘आंटीजींना विचारा.’’