राउटरची किल्ली घरच्यांकडे द्या

“काका, ऑफिसचं व्हीपीएन लागतंय, पण आतलं काहीच उघडत नाही.”

साताऱ्यात मंगळवार पेठेत आमच्या घरापासून तीन घरं सोडून एक जुना वाडा आहे. तिथली सून गेल्या जूनमध्ये लॅपटॉप हातात घेऊनच आमच्या दारात उभी राहिली. पुण्याच्या एका कंपनीत ती नोकरी करते. बाळंतपणानंतर घरून काम करायची परवानगी मिळाली आणि रुजू झाल्याच्या तिसऱ्याच दिवशी हे दुखणं सुरू झालं. व्हीपीएनचं, म्हणजे घरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरायच्या बंद वाटेचं, कुलूप स्क्रीनवर हिरवं दिसायचं, मेलचे विषयही यायचे, पण मेल उघडायला गेलं की चक्र फिरत राहायचं. कंपनीतले लोक म्हणत, तुमचं नेट खराब आहे. नेटवाला म्हणे, नेट चालू आहे, यूट्यूब लावून बघा की. दोघंही खोटं बोलत नव्हते. रजा मात्र तिची कापली जात होती.

मी टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं काढली, त्यातली निम्मी शिडी खांद्यावर घेऊन. आमच्या जुन्या मेस्त्रींनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, फॉल्ट आधी वाटून घ्यायचा. घरातला की बाहेरचा? ग्राहकाच्या भिंतीवरची डबी उघडायची, घरात जाणारी तार सोडवायची आणि आपला टेस्टिंगचा फोन बाहेरून आलेल्या जोडीला लावायचा. टोन आला तर दोष घरात, नाही आला तर डीपीकडे, म्हणजे घरोघरच्या जोड्या जिथून वाटल्या जातात त्या डबीकडे, चालायला लागायचं. तांब्याची जोडी गेली, काचेचा धागा आला, तरी ही वाटणी आजही तशीच लागू पडते. मी तिला मोबाइलचा हॉटस्पॉट लावायला सांगितला. कंपनीचं सगळं झटकन उघडलं. म्हणजे कंपनी ठीक आणि लॅपटॉपही ठीक. मग वाड्यात जाऊन लॅपटॉप लॅनच्या वायरने थेट राउटरला जोडला. दोष तसाच राहिला, म्हणजे वाय-फायचाही संबंध नव्हता. उरला फक्त राउटर आणि त्याची बाहेरची जोडणी.

इथवर यायला पंधरा मिनिटं लागली. पुढचे चार दिवस गेले ते राउटरच्या आत शिरण्यासाठी.

ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं, लॉगिनचं पान आलं. राउटर उलटा करून स्टिकरवरचं नाव आणि पासवर्ड घातला, चालेना. जोडणी करून गेलेल्या पोराने तो बदलला होता. बदलला हे त्याने उत्तमच केलं, पण नवा पासवर्ड घरात कोणालाच सांगितला नाही. त्याला फोन केला तर त्याने ते काम सोडलेलं. त्याच्या ऑफिसात एक जण म्हणाला, साहेबांना विचारून सांगतो. दुसऱ्याने सांगितलं, ग्राहकाला पासवर्ड देत नाही. मागच्या बारीक भोकात टाचणी दाबून राउटर रिसेट करता आला असता, पण त्याबरोबर जोडणीचं युजरनेम आणि पासवर्डही पुसला गेला असता आणि होतं तेवढं नेटही बंद पडलं असतं. चौथ्या दिवशी संध्याकाळी तिथल्याच एका भल्या माणसाने फोनवर पासवर्ड सांगितला.

आत गेल्यावर काम दोन मिनिटांचं होतं. वॅनच्या, म्हणजे बाहेरच्या जोडणीच्या, पानावर एमटीयू १५०० लिहिला होता. एमटीयू म्हणजे एका खेपेत जाऊ शकणाऱ्या गठ्ठ्याचं सगळ्यात मोठं माप, बाइटमध्ये मोजलेलं. त्यांची जोडणी पीपीपीओई पद्धतीची. तिच्यात प्रत्येक गठ्ठ्यातले ८ बाइट जोडणीच्याच खुणेला लागतात, म्हणून तिथे माप सहसा १४९२ च्या वर नेता येत नाही. त्यात व्हीपीएन प्रत्येक गठ्ठा आणखी एका सीलबंद लिफाफ्यात घालतं, त्यामुळे तो फुगतो. लहान गठ्ठे सुखरूप निघून जातात, म्हणून कुलूप हिरवं दिसतं. मोठे गठ्ठे वाटेत टाकले जातात आणि टाकले हे पाठवणाऱ्याला कोणी कळवत नाही. मी १४९२ केलं, थोडा फरक पडला. १४०० केलं, सेव्ह केलं, राउटर बंद करून चालू केला. तिने मेल उघडला, त्याला जोडलेली फाइल उघडली आणि खुर्ची ओढून तिथेच कामाला बसली.

त्या चार दिवसांची मला अजून चीड आहे. घरात विजेचं काम झालं की वायरमन मेन स्विच कुठे ते दाखवून जातो. गॅसची नवी जोडणी देणारा रेग्युलेटर कसा बंद करायचा ते घरच्या बाईकडून एकदा करून घेतो. राउटरच्या बाबतीत मात्र ‘लाल दिवा गेला, हिरवा आला, इथे सही करा’ एवढ्यावर जोडणी पूर्ण होते. ज्या डब्यातून घरातल्या मुलाची परीक्षा, आजोबांची पेन्शन आणि सुनेची नोकरी जाते, त्याची किल्ली घरात नसते. ती घरात असली पाहिजे, एवढंच मला सांगायचं आहे.

किल्ली म्हणजे नेमकं काय, हेही बहुतेकांना कोणी सांगितलेलं नसतं. राउटरला दोन पासवर्ड असतात. एक वाय-फायचा, तो पाहुण्यांनाही आपण देतो. दुसरा राउटरच्या सेटिंगचा, म्हणजे अ‍ॅडमिनचा. पहिला मिळालेला माणूस तुमचं नेट वापरतो. दुसरा मिळालेला माणूस तुमचं नेट कोणत्या वाटेने जाईल ते ठरवतो. बँकेचा पत्ता टाकल्यावर फोन कोणाला विचारून तिकडे जाणार, म्हणजे डीएनएस कुठला, तेही सेटिंगच्याच पानावर लिहिलेलं असतं. ज्या घरांत मी हल्ली जातो तिथे पहिला पासवर्ड म्हणजे चक्क घरमालकाचा मोबाइल नंबर असतो. लक्षात राहावा म्हणून जोडणारा तोच टाकतो. पण तो नंबर दूधवाल्यापासून सोसायटीच्या रजिस्टरपर्यंत सगळीकडे लिहिलेला असतो. आणि दुसरा पासवर्ड कितीतरी डब्यांत कारखान्यातून आलेला तसाच असतो.

उघड्या वाय-फायने काय होतं हे आपल्या राज्याने पाहिलं आहे. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत स्फोट झाले, त्याआधी काही मिनिटं वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल गेला होता. तो नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकन नागरिकाच्या वाय-फायवरून गेल्याचं तपासात निघालं. त्या माणसाचा स्फोटांशी काही संबंध नव्हता. त्याच्या वाय-फायला धड कुलूप नव्हतं, एवढ्यावरून पोलीस त्याच्या दारात आले आणि त्याला कित्येक दिवस चौकशीला सामोरं जावं लागलं.

जोडणी करणाऱ्या पोरांना मी दोष देत नाही. भर पावसात खांबावर चढून, केसाएवढा काचेचा धागा न मोडता सांधणारी ही पोरं आहेत. बऱ्याच ठिकाणी त्यांना जोडणीमागे पैसे मिळतात, दिवसात जास्त घरं झाली तर हातात जास्त पडतं. एकाने मला मोकळेपणाने सांगितलं, “काका, पासवर्ड दिला की लोक काहीतरी दाबतात, नेट जातं, आणि मग रविवारी मलाच यावं लागतं.” त्याचं म्हणणं खरं आहे. पण त्यावर उपाय आहे, आणि तो त्याच डब्यात आहे. फायबरच्या कितीतरी डब्यांत दोन दर्जाची लॉगिन असतात, एक कंपनीच्या माणसासाठी आणि एक ग्राहकासाठी. ग्राहकाच्या लॉगिनमधून वाय-फायचं नाव, पासवर्ड, चॅनेल बदलता येतो, जोडणीच्या मुळाला हात लागत नाही. शिवाय सेटिंगची बॅकअप फाइल काढून ठेवायची सोय असते. ती एकदा काढली की कोणी काही दाबलं तरी पाच मिनिटांत सगळं पूर्ववत होतं. आणि ज्याने राउटर रोख पैसे मोजून विकत घेतला आहे त्याला त्याचाच पासवर्ड नाकारणं तर मला कुठल्याच बाजूने पटत नाही.

किल्ली घरात असली की काय करता येतं याचं एक उदाहरण माझ्या घरातलंच आहे. माझा भाचा जर्मनीत असतो, बहीण आणि मेहुणे कराडला. दोघंच असतात म्हणून भाच्याने अंगणात आणि दारावर कॅमेरे बसवून घेतले. बसवणाऱ्याने जर्मनीतून दिसावं म्हणून राउटरमध्ये एक पोर्ट उघडून दिला, कॅमेऱ्याचा पासवर्ड ठेवला कारखान्याचाच. म्हणजे रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्याला थेट अंगणात दार. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसने नेमकी अशीच दारं शोधली. कारखान्यातून येणाऱ्या साठेक नावं-पासवर्डांच्या जोड्या घेऊन तो इंटरनेटवर घरोघरचे कॅमेरे आणि राउटर ठोठावत फिरला आणि लाखो डबे ताब्यात घेतले. त्याच डब्यांकरवी २१ ऑक्टोबर २०१६ ला अमेरिकेतली ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी मोठी संकेतस्थळं तासन्‌तास अडवली गेली. डब्यांच्या मालकांना आपला कॅमेरा या कामाला लागलाय याचा पत्ताही नव्हता.

कराडला जाऊन मी तो पोर्ट बंद केला. त्यांच्या राउटरमध्ये वायरगार्डची सोय होती. वायरगार्ड हे व्हीपीएनचं अलीकडचं, आटोपशीर रूप, २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच आलेलं. त्यात भाच्याच्या फोनची एक किल्ली आणि राउटरची एक किल्ली, दोन्ही जुळल्या तरच दार उघडतं, बाकी कोणी ठोठावलं तर आतून उत्तरच जात नाही. एक अडचण आली. त्यांच्या जोडणीला स्वतःचा बाहेरचा पत्ता नव्हता, एका पत्त्यामागे पुष्कळ घरं बसवलेली होती. राउटरच्या पानावर वॅनचा पत्ता १०० ने सुरू होत होता आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ च्या मधला होता, त्यावरून ते कळलं. महिन्याला थोडे जास्त पैसे भरून स्थिर पत्ता घेतला आणि काम झालं. आता भाचा तिकडून अंगणातली तुळससुद्धा बघतो.

घराचं व्हीपीएन ते हे. कंपनीचं व्हीपीएन ते वाड्यातल्या सुनेचं. या दोन्हींच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे हे आपल्याला माहीत असतं. मोबाइलवर फुकट मिळणाऱ्या व्हीपीएन अ‍ॅपच्या दुसऱ्या टोकाला कोण असतं? नेटवाल्यापासून लपवलेलं सगळं त्या अनोळखी माणसाच्या हातात जातं, एवढाच त्याचा अर्थ. होला नावाचं फुकट व्हीपीएन आपल्याच ग्राहकांची नेटची जोडणी दुसऱ्यांना विकत होतं, हे २०१५ मध्ये उघड झालं. फेसबुकच्या मालकीचं ओनावो हे अ‍ॅप संरक्षणाच्या नावाखाली लोकांच्या फोनवरची माहिती गोळा करत होतं. त्याबद्दल ऑस्ट्रेलियातल्या न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये फेसबुकच्या दोन उपकंपन्यांना मिळून २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. आपल्याकडे सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या आदेशानुसार व्हीपीएन देणाऱ्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपायची आहे. तो आदेश निघाल्यावर काही परदेशी कंपन्यांनी भारतातले आपले सर्व्हर काढून घेतले. तेव्हा ‘आम्ही काहीच नोंद ठेवत नाही’ असं लिहिलेलं दिसलं तर ते कोण, कुठून लिहितंय, हे आधी बघावं. बँकेच्या कामासाठी तुमच्या घरचा राउटर नीट कुलूपबंद असेल तर तो पुरेसा आहे.

पुन्हा राउटरच्या किल्लीकडे येतो. ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून, कारखान्यातून सरसकट एकच पासवर्ड घालून आलेली नेटची उपकरणं विकायला कायद्याने बंदी केली आहे. आपल्याकडे नेट पुरवणाऱ्यांनी त्याहून सोपी एक गोष्ट उद्यापासून करावी. जोडणीच्या कागदावर दोन ओळी वाढवाव्यात, ‘अ‍ॅडमिन पासवर्ड ग्राहकाला दिला’ आणि ‘ग्राहकाकडून एकदा लॉगिन करून घेतलं’. दुसऱ्या ओळीपुढे सही झाल्याशिवाय जोडणी पूर्ण धरू नये. त्याला लागणारी दहा मिनिटं त्या पोराच्या मजुरीत धरावीत.

वाचकांनाही माझं सांगणं आहे. राउटर टीव्हीच्या मागून किंवा लोखंडी कपाटावरून काढून घराच्या मध्यावर, छातीच्या उंचीवर ठेवा. वाड्यासारख्या दोन फुटी दगडी भिंती असतील तर ५ गिगाहर्ट्‌झची लहर पलीकडे पोचत नाही. पलीकडच्या खोलीत लॅनची वायर नेऊन तिथे दुसरा डबा लावा. फायबरची वायर खिळ्याला गुंडाळू नका, तिची घट्ट घडी झाली की प्रकाश बाहेर गळतो आणि लाल दिवा लागतो. पुढच्या वेळी नेटवाला घरी आला की त्याला चहा द्या. तो निघण्याआधी दोन्ही पासवर्ड आणि जोडणीचं युजरनेम त्याच्याकडून लिहून घ्या, त्याच्यासमोर तुमच्याच फोनवरून एकदा लॉगिन करून बघा, आणि तो गेल्यावर अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदला. वाड्यात आता हे सगळं घरखर्चाच्या वहीत, शेवटच्या पानावर, गॅसच्या ग्राहक क्रमांकाखाली सासूबाईंच्या अक्षरात लिहिलेलं आहे.